बाबांनी लावलेले दगड

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचते आहे... आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. उलट्या पायांचा माणूस, चिंचेवरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारी पांढरी साडी. आमच्याकडं असलं काही कोणी सांगायला लागलं की बाबा मध्येच विचारायचे, "काऊन बाप्पा, भुताले रंगीत साडी कोणी घेऊन देत नाही का?" की सांगणाऱ्याची हवाच निघायची. आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तलावात सोडले, आणि बाबांचं म्हणणं असं की भुतं त्यांच्या मागोमाग आपोआपच गेली — "दोघायचा पत्ता एकच होता." अशा घरात मी वाढले. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण गाव इतकं लहान आहे की नाव कळलं म्हणजे घरच कळलं. कौलारू घर, पुढं सिमेंटचा ओटा, ओट्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. ओट्यावर उभं राहिलं की उजव्या हाताचा रस्ता नागपूर-रायपूर हायवेला जातो, डाव्या हाताचा गावतलावाला. म्हणजे एकीकडं ट्रक आणि दुसरीकडं पाणी. हे लक्षात ठेवा, कारण आमची सगळी काळजी या दोन टोकांच्या मध्ये होती.

बाबा ट्रक ड्रायव्हर होते. गोंदियाच्या राइस मिलचा तांदूळ घेऊन रायपूर, नागपूर, कधी थेट कोलकाता. घरी आले की दोन दिवस त्यांच्या तोंडात हिंदीच असायची, आईलासुद्धा "चलो उस्ताद, चाय पिलाओ" म्हणायचे आणि आई म्हणायची, "उस्ताद तुमच्या गाडीत. घरात मी मालकीन आहो." तंबाखू नाही, दारू नाही. एकच वेड होतं, ते म्हणजे दगड.

तुम्ही हायवेवर पाहिलं असेल. गाडी बंद पडली की ड्रायव्हर लोक मागं रस्त्यावर दगड मांडतात, एखादी पानांची फांदी खोचतात, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. गाडी दुरुस्त झाली की फांदी तिथंच, दगडही तिथंच, आणि हे निघून जातात. मग अंधारात एखादा मोटरसायकलवाला त्यावर जाऊन आपटतो. बाबांना याचा भयंकर संताप. "दगड लावाची अक्कल सगळ्याइले आहे, उचलाची कोणालेच नाही," म्हणायचे. ते आपले दगड तर उचलायचेच, दुसऱ्यांचे दिसले तर गाडी बाजूला घेऊन तेही उचलायचे. त्यांचा क्लीनर एकदा आमच्या ओट्यावर बसून आईजवळ रडकुंडीला येऊन सांगत होता — भाभी, हम चावल कम, पत्थर ज्यादा उठाते हैं. घरात कोणी काही काम अर्धवट टाकलं की बाबा एवढंच म्हणायचे, "काम झालं ना? मग दगड कोन उचलन?"

साठी उलटली आणि बाबा विसरायला लागले. आधी नावं. मला आत्याच्या नावानं हाक मारायचे, मी ओ द्यायची. मग जेवण झालं की नाही ते. आणि मग रस्ता... ज्या माणसाला कोलकात्यापर्यंतचे ढाबे पाठ, तो किराणा दुकानातून निघाला तर घर सापडेना. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, जाणं हळू करता येईल. ते ऐकून परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि बाबा तिला समजावत होते की रडू नको, पुढच्या स्टॉपला उतरू.

माझा मोठा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, दाराला बाहेरून कडी लावून घे. दुसरा इलाज नाही." तो चुकीचं बोलत नव्हता. आईनं सुताराकडून कडी बसवूनही घेतली. पण ती लावायची वेळ आली की तिचा हात पुढं जाईना. "सारा मुलूख फिरलेला मानूस," ती म्हणायची, "त्याले मी बकरीसारखा कोंडू?" कडी तशीच लोंबत राहिली. आणि आम्ही दोघी रोज जीव मुठीत धरून राहिलो. एक दिवस तरी असा येणार की हे निघतील आणि आपल्याला दिसणार नाहीत... आणि त्या दिवसानंतर कडी लागणार.

आमच्या शेजारी सगुणाकाकू. मोहफुलं, तेंदूपत्ता, डिंक, जंगलात जाऊन जे मिळतं ते आणणारी बाई. तिचं निदान डॉक्टरच्या आधीच झालं होतं. "याहीचा पाय भुलनवेलीवर पडला," ती म्हणाली. आमच्या भागात ही समजूत आहे — जंगलात एक वेल असते, तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो. समोर गाव दिसतं पण ते आपलं वाटत नाही. तिथल्या तिथं फिरत राहतो. "त्याले आवाज देऊन काही होत नाही बाई. आपलं नाव त्याले आयकूच येत नाही. कोनी जाऊन हात लावला पायजे. हात लागला का उतरते." बाबा आतून ऐकत होते. त्या दिवशी डोकं बरं होतं त्यांचं. म्हणाले, "सगुणा, ती वेल मले आनून दे, भाजी करून खातो."

आता गेम. मी तेव्हा, म्हणजे २०१४ च्या सुमाराला, सकाळी सडक अर्जुनीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारी घरी असायची. दादानं पुण्याला जाताना त्याचा जुना डेस्कटॉप घरी सोडला होता, माझा लॅपटॉप वेगळा. लॅपटॉपवर एक गेम होता, त्यातला सगळा मुलूख लॅपटॉपवरच साठवलेला असायचा. नाव लिहीत नाही, खेळणारे ओळखतीलच. एका अनोळखी मुलखात तुम्ही रिकाम्या हातानं उतरता. लाकूड तोडा, चूल पेटवा, भूक लागली तर काहीतरी शोधून खा, थंडीनं मरू नका. जंगल, डोंगर, तळी, आणि पार उत्तरेला बर्फ. नकाशा नाही. जिंकणं-हरणंही नाही, नुसतं राहायचं. पोरं त्यात शिकारी करतात, एकमेकांची घरं जाळतात. मी मात्र एक झोपडी बांधून बसले होते. मला तिथली दुपार आवडायची — गवत हलायचं, कुठूनतरी पाण्याचा आवाज यायचा आणि कोणी काही विचारायला यायचं नाही.

बाबा माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे.

"हे कोनतं जंगल?"

"खोटं आहे बाबा. कॉम्प्युटरमधलं."

बराच वेळ पाहून म्हणाले, "साग नाही दिसून राहिला. पन खोटं नाही वाटत."

एक दिवस मी डेस्कटॉप आणि लॅपटॉप वायरनं जोडले आणि त्यांना त्यांचा माणूस करून दिला. डोक्यावर नाव लिहिलं — बाबा. पुढं जायचं एक बटण आणि वळायला माउस, एवढंच शिकवलं. ट्रकवाल्याला आणखी काय लागतं! लगेच तक्रारी सुरू. "ब्रेक कुठं आहे याचा?" बटण सोडलं की थांबतं, बाबा. "स्टेरिंग ढिली आहे." माउस जुना आहे, बाबा. "मायलेज का देते?" हे मात्र मला सांगता आलं नाही. आई भांडी घासता घासता म्हणाली, "बापलेक दोघंही गेले कामातून."

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "दगड लावता येते का इथं?" येत होते. मी ते बटणही दाखवलं. तेव्हापासून बाबांचा एकच खेळ. झोपडीतून निघायचं, थोडं थोडं अंतर ठेवून दगड मांडत जायचं, कुठल्यातरी टेकडीवर उभं राहून मुलूख बघायचा, आणि त्याच दगडांवरून परत यायचं... एकेक दगड उचलत. एकही मागं ठेवायचे नाहीत. पाच मिनिटांपूर्वीचा चहा विसरणारा माणूस, पण तिथं कधी वाट चुकला नाही आणि दगड उचलायला कधी विसरला नाही. ते परत झोपडीत आले की मला खूप बरं वाटायचं. निदान एका तरी मुलखात आमचे बाबा घरी यायचे.

या गेमची एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडतं. खेळणारा उठून गेला की त्याचा माणूस नाहीसा होत नाही. असेल तिथं आडवा होतो आणि झोपतो. खेळणारा पुन्हा आपल्या कॉम्प्युटरवर येईपर्यंत तो हलत नाही. बाबांचा माणूस फक्त डेस्कटॉपवरून उठायचा. म्हणून खेळ संपवताना मी त्यांना झोपडीतल्या खाटेवर आणून निजवायची आणि मगच बंद करायची.

तो दिवस धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या काळातला. सकाळपासून लाईट नव्हती. मी क्लासवरून आले तर ओट्यावर आई उभी, पदर तोंडाला. "तुले भेटले का रस्त्यात?" एवढंच म्हणाली आणि मला कळलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात बाबा निघून गेले होते. हायवेकडून तर मीच आले होते. मला दिसले नव्हते. म्हणजे...

सगुणाकाकूचा नवरा, त्याचे भाऊ, आई, सगळे निघाले. कोणी हायवेकडं, कोणी बांध्यांतून, आई तलावाकडं. सगळे हाका मारत होते. "ड्रायव्हरभाऊ! ओ ड्रायव्हरभाऊ!" त्या हाका धानावरून दूरदूर जात राहिल्या. मीही निघाले तर सगुणाकाकूनं अडवलं. "तू इथंच राह्य. घरी आले अन् कोनी दिसलं नाही तर पुन्हा चालले जातीन." खरंच होतं ते. मी थांबले. ओट्यावरून आत, आतून ओट्यावर.

तुम्ही विचाराल, बाप हरवला असताना ही बाई गेम उघडून बसली? हो, बसले. आदल्या दिवशी खेळताना बाबा सारखे म्हणत होते, "त्या बाजूनं जाऊन पाह्यतो." कोणती बाजू ते मला आठवेना. वाटलं, तिथं जाऊन उभं राहिलं तर त्यांच्या डोक्यात काय होतं ते तरी कळेल. लॅपटॉपला बॅटरी होती. डेस्कटॉप समोर काळा पडलेला, लाईटच नव्हती तर तो चालू व्हायचा प्रश्नच नाही.

गेम उघडला. माझी माणूस खाटेशेजारी उठून उभी राहिली. आणि बाबांची खाट रिकामी होती.

मी झोपडीभर पाहिलं. बाहेर आले. दारापासून दगड लावलेले होते. थोडं थोडं अंतर ठेवून, सरळ ओळीत, जसे ते लावायचे तसेच. आदल्या दिवशी त्यांनी सगळे उचललेले मी पाहिले होते. मी त्या दगडांवरून चालू लागले. तिथं हलकं ऊन होतं, वारा होता, गवत हलत होतं आणि बाहेरून खऱ्या हाका येत होत्या — ड्रायव्हरभाऊ, ओ ड्रायव्हरभाऊ. मला भीती वाटायला हवी होती. पण सांगते, वाटली नाही. अंगात ताप असताना दुपारची झोप लागते ना, तसं काहीतरी झालं होतं. सगळं लांब आणि अगदी स्वच्छ दिसत होतं.

दगड एका तळ्यावर संपले. बाबा पाण्यात उभे होते, माझ्याकडं पाठ करून. झोपलेले नाहीत, उभे. डोक्यावर ते नाव. आणि पलीकडच्या काठावर एक लहानसा पिवळा उजेड लागत होता, विझत होता, लागत होता. त्या गेममध्ये तसलं काही नाही. मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मी तोंडानं हाक मारली. रिकाम्या घरात, लॅपटॉपकडं बघून — "बाबा!" ते एक पाऊल आणखी पुढं गेले. पुन्हा मारली. आणखी एक पाऊल. पाणी कमरेपर्यंत आलं.

तेव्हा मला सगुणाकाकूचं आठवलं. आवाज देऊन काही होत नाही. ज्या गोष्टीला आम्ही सगळे हसलो होतो ती मी केली. माझ्या माणसाला पाण्यात घातलं आणि पुढचं बटण दाबून धरलं. या गेममध्ये हात वगैरे लावता येत नाही. जवळ जाऊन भिडलं की समोरचा जरासा हलतो, तेवढंच. मी त्यांच्या खांद्याला भिडले.

ते हलले. मग सावकाश वळले. माझ्याकडं तोंड करून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्या बाजूनं काठावर आले, वाकले, पहिला दगड उचलला, आणि आल्या वाटेनं चालू लागले. दुसरा उचलला. तिसरा... आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपली.

किती वेळ मी त्या काळ्या स्क्रीनसमोर होते माहीत नाही. फोन वाजला. आई. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं "भेटले, भेटले" म्हणत होती.

ते तलावाच्या रस्त्यावर भेटले, पण तलावाकडं जाताना नाही. घराकडं येताना. एकटेच. कमरेपर्यंत भिजलेले. आणि येता येता रस्त्याच्या कडेनं वाकून वाकून काहीतरी उचलून बाजूला टाकत होते. आईला वाटलं, कागद वेचताहेत. जवळ जाऊन पाहिलं तर दगड. जाताना त्यांनी घरापासून तलावापर्यंत दगड लावले होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं... रस्त्याच्या कडेला पडलेल्या दगडांकडं कोण बघतो?

संध्याकाळी कोरडे कपडे घालून, चहा पिऊन बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले. डोकं त्या वेळी स्वच्छ होतं, मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायची.

"कुठं गेले होते बाबा?"

"गाडी पलीकडं उभी होती माझी. इंडिकेटर देऊन राहिली होती. म्हनलं, जाऊन पाह्यतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भुलन पडली होती बाप्पा. तू हात लावला, तवा वाट दिसली." आणि जरा रागानंच, "पन एवढा वेळ कायले लावला तू?"

आयुष्यभर भुतांना साडीचा रंग विचारणारा माणूस हे बोलला. मला रडू आलं आणि मी रडले.

लाईट आल्यावर लॅपटॉप चालू केला. गेममध्ये बाबा खाटेवर निजलेले. बाहेर एकही दगड नव्हता.

दादाला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हसला नाही. म्हणाला, गेममध्ये बग असतात, झोपलेला माणूस कधी कधी सरकतो. तू घाबरलेली होतीस, काही आधीचं, काही नंतरचं मिसळलं असेल. बाबांनी आठवणीनं दगड लावले, आठवणीनं परत आले. "फोटो काढलास का स्क्रीनचा?" नव्हता काढला. दादाचं म्हणणं मला पटतं. आजही पटतं. फक्त "तू हात लावला" हे बाबा कशावरून म्हणाले, ते त्यात कुठं बसत नाही. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

कडी मात्र लागली नाही. आईनंच तसं ठरवलं. त्या दिवसापासून बाबा कुठं हरवल्यासारखे दिसले की आम्ही हाका मारायचं, समजवायचं बंद केलं. जवळ जाऊन नुसता खांद्याला हात लावायचो. तेवढ्यानं ते बरेचदा परत यायचे. तलावाकडं निघाले तर कोणीतरी सोबत जायचं, हात खांद्यावर ठेवून. सगुणाकाकूनं कधी "मी म्हनलं होतं ना" म्हटलं नाही, आणि आम्हीही तिला विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. आपल्या खाटेवर, झोपेत, घरातच. भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, ड्रायव्हर लोक लांबून लांबून आले. डेस्कटॉप आम्ही गावातल्या वाचनालयाला देऊन टाकला, आतलं सगळं पुसून.

त्यानंतर मी एकदा तो गेम उघडला. बाबांचा माणूस खाटेवर निजलेला होता. मला ते पाहवेना. मी झोपडीबाहेर पडले आणि चालत सुटले, उत्तरेला, जिकडं आम्ही कधी गेलो नव्हतो. दगड लावले नाहीत. बर्फ लागला, पांढरं पांढरं सगळं, आणि कुठून आले ते कळेनासं झालं. फिरले, पुन्हा फिरले, सगळं सारखंच. मग तिथंच लॅपटॉप बंद केला. आणि बाहेरही माझं काही वेगळं नव्हतं... क्लासला जायची, शिकवायची, घरी यायची, पण कुठं जाते आणि कुठून येते याचा काही पत्ता नव्हता. आई नावानं हाक मारायची, मला ऐकू यायची नाही. तो उन्हाळा असाच गेला.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी, का कोण जाणे, पुन्हा उघडला. माझी माणूस बर्फात उठून बसली.

शेजारी बाबा होते. उभे नाही — निजलेले. पण अगदी भिडून, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. त्यांना उठवणारा कॉम्प्युटर आता नव्हता. त्यांना उठवणारे हातही नव्हते. आणि त्यांच्या मागं बर्फात दगडांची ओळ होती, थोडं थोडं अंतर ठेवून, दिसेल तिथपर्यंत.

दादाची आठवण झाली, फोटो काढावा असं वाटलं, हात त्या बटणापर्यंत गेलाही. पण मग मी पहिल्या दगडापाशी गेले आणि तो उचलला. कळत होतं मला, उचलत गेले तर त्यांच्यापर्यंत परत यायला वाट राहणार नाही. दुसऱ्या दगडापाशी थोडं थांबले. मग तोही उचलला. बर्फ संपला, गवत लागलं, ते तळं आलं. शेवटचा दगड झोपडीच्या दाराशी होता.

लॅपटॉप बंद केला आणि मागच्या अंगणात गेले. आई भांडी घासत होती. तिनं वर बघून म्हटलं, "आली का वं?" मी म्हटलं, "आली." आणि तिच्याशेजारी बसून भांडी विसळू लागले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कोणाकडं असेल तर जरूर लिहा, दादाचं ऐकलं तसं तुमचंही ऐकेन. पुरावा मात्र मागू नका... तो मीच उचलून आणला. बाबा अजून तिकडं बर्फात कुठंतरी निजलेले आहेत आणि मला तिथली वाट माहीत नाही. पण मागून येणाऱ्याला ठेच लागेल असं आमच्या घरच्यांनी रस्त्यात काही ठेवलेलं नाही.